खुर्चीवाला आधी बोलत नाही

खुर्चीवाल्याची बायको वारल्याचं पाहुण्यांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी खुर्चीवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, "आता येत नाहीत! उद्याच्या गाडीनं परत!"

समोरच्या घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "आणि आले तर?"

"आले तर मी गप्प बसणार. माझ्यापुढे गप्प बसून आजवर कोणी जिंकलंय का?"

ही बढाई होती, पण खरी होती. खुर्चीवाल्याचा धंदा जुन्या फर्निचरचा. मोडकं घ्यायचं, सांधायचं, घासायचं, विकायचं. आणि धंद्याचा नियम एकच: जो आधी बोलला तो बुडाला! गिऱ्हाईक कपाटाभोवती फिरे, दारं उघडे, मिटे, खाकरे. हा आपला स्टुलावर बसून कुठल्यातरी खुर्चीचा पाय घासत राही. शेवटी गिऱ्हाईकच कासावीस होऊन तोंड उघडे आणि तिथेच चीतपट होई. एकदा तर एक वकील आला होता. बोलण्यावर पोट असलेला माणूस! एक टेबल बघायला आला आणि ती शांतता सहन न होऊन दोन टेबलं घेऊन गेला.

या नियमाला आयुष्यात एकच माणूस पुरून उरलं, ते म्हणजे त्याची बायको. ती आधीही बोलायची, नंतरही बोलायची आणि मधल्या वेळात भांडायची. तिच्यापुढे नियम चालत नसे. त्या नियमाला घरात थाराच नव्हता.

आता ती नव्हती, आणि घरात नियमच नियम होता.

मागच्या अंगणात तिची शेड होती. शेडमध्ये ती आणि गल्लीतल्या सात-आठ बायका मिळून पाणी गाळायची मडकी करत. माती घ्यायची, तिच्यात चाळलेला लाकडाचा भुसा मिसळायचा, साच्यात दाबून मडकं काढायचं, सावलीत वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. त्यातून पाणी झिरपतं, घाण आत राहते. खालच्या वस्तीतल्या मुलांची पोटं या मडक्यांनी सुधारली होती. भुसा अर्थातच खुर्चीवाल्याच्या दुकानातला. ती तो न विचारता न्यायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीवाल्यानं शेडला कुलूप घातलं. बायका आल्या, दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "भाऊजी, काम अडलंय हो." हा म्हणाला, "बघू." पुन्हा आल्या. पुन्हा "बघू". दुकानात भुशाची पोती छताला टेकली, गिऱ्हाइकाला आत यायला अंग तिरकं करावं लागू लागलं, तरी याचं आपलं "बघू".

आणि अशात हे पाहुणे!

पाहुण्यांना बोलावलं होतं बायकोनंच, धडधाकट असताना. अकरा जण, परदेशातले, ज्यू धर्माचे. जगात जिथे काही मोडलंय तिथे दुरुस्तीला आपलाही हात लागला पाहिजे, असं त्यांचा धर्म शिकवतो म्हणे. म्हणून ही मंडळी देशोदेशी जातात, साध्या माणसांनी आपल्या बळावर उभी केलेली कामं बघतात आणि त्यातून शिकतात. हे सगळं मेहुणीनं समजावून सांगितलं होतं. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. शेडचा कारभार आता तिच्याकडे होता, फक्त शेड नव्हती.

त्यांच्या धर्मावर खुर्चीवाल्याचा काहीच आक्षेप नव्हता. ज्याचा देव त्याला लखलाभ. त्याला संशय होता तो अभ्यासाचा.

"शाळेत मास्तर छडी घेऊन मागे लागायचे तरी कोणी अभ्यास करायचं नाही," तो घड्याळवाल्याला म्हणाला. "आणि हे समुद्र ओलांडून अभ्यासाला येतात? तुला पटतं?"

"छे!" घड्याळवाला म्हणाला. त्याला कधीच काही पटत नसे. बरोबर चालणारं घड्याळसुद्धा तो एकदा उघडून बघे. "माझ्या साडूच्या विहिरीचं काय झालं ठाऊक आहे ना?"

"काय झालं?"

"असेच कोणीतरी अभ्यासाला आले. चांगले गोड बोलले. विहिरीचे फोटो काढले, साडूचे काढले, साडूच्या बकरीचे काढले. आणि जाताना पाटी लावून गेले! केवढी? विहिरीपेक्षा मोठी! आता लोक पाटी वाचतात आणि विचारतात, विहीर कुठाय? ती पाटीच्या मागे! साडूला पाणी काढायचं तर वळसा घालून जावं लागतं."

खुर्चीवाल्याच्या हातातला पॉलिश-पेपर थांबला.

"म्हणजे शेडवर पाटी?"

"पाटी, फोटो, फीत, कात्री. तुझ्या बायकोचं नाव वर मोठ्या अक्षरात. तिचा कंगवा काचेच्या पेटीत. आणि तुझ्याच अंगणात जायला तुला विचारावं लागेल, 'साहेब, आत येऊ का?'"

त्या दिवसापासून खुर्चीवाल्याच्या डोक्यात पाटी बसली. रात्री उशीला डोकं लावलं की पाटी. जेवताना पाटी. मेहुणी आली तरी तिच्या काखेत पाटी आहे का, ते तो आधी बघे.

मेहुणीचा डाव निराळाच होता. पाहुणे येणार म्हटलं की भाऊजी लाजेकाजेस्तव तरी कुलूप काढतील, असा तिचा हिशेब. म्हणून बहीण गेल्याचं तिनं पाहुण्यांना कळवलंच नव्हतं. ते गावात उतरले, लॉजवर पोचले, आणि मग तिनं जाऊन सांगितलं.

संध्याकाळी ती दुकानात आली. "भाऊजी, पाहुणे उद्या येणार."

"कळलं ना त्यांना?"

"कळलं. फार वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, तरीही येतो."

खुर्चीवाल्यानं घड्याळवाल्याकडे बघितलं. घड्याळवाल्यानं खुर्चीवाल्याकडे बघितलं. माणूस गेलंय, तरीही येतात! म्हणजे पाटी तयार आहे!

"आणि एक उपकार करा," मेहुणी हात जोडून म्हणाली. "पाहुण्यांसमोर तोंड उघडू नका. तुम्ही तोंड उघडलंत की समोरच्याचं बंद पडतं."

"नाही उघडत," खुर्चीवाला म्हणाला. "अजिबात नाही उघडत!"

मेहुणीला इतक्या सहज होकाराची सवय नव्हती. जाताना तिनं दोनदा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मित्र लॉजपाशी टेहळणीला गेले. घड्याळवाल्यानं भिंग बरोबर घेतलं होतं. लांबचं त्यातून काही दिसत नाही, पण हत्यार जवळ असलेलं बरं. लॉजच्या जेवणघराची खिडकी उघडी होती. आत अकरा जण, आणि काय बघतात तर, जोड्या पाडून भांडणं चाललेली! दोघं दोघं समोरासमोर, मध्ये एक कागद. एक जण कागदावर बोट आपटतो, दुसरा ते बोट उचलून दुसऱ्या ओळीवर ठेवतो. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा, डोक्याच्या मागच्या बाजूला चिमुकली टोपी, समोरच्या पोरसवदा मुलीशी हातघाईवर आलेले. ती पोरगी आजोबांना मध्येच तोडत होती आणि आजोबा खूश होऊन मांडीवर थाप मारत होते!

"भांडतायत आणि हसतायत," खुर्चीवाला कुजबुजला. "लक्षण चांगलं नाही."

"अरे, पाटीचा मजकूर!" घड्याळवाला म्हणाला. "कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, त्याची ओढाताण!"

एक ठेंगणी, चष्मेवाली बाई जोड्यांमधून फिरत होती. ही त्यांची धर्मगुरू. रब्बी म्हणतात त्यांच्यात. तिनं टाळी वाजवली, सगळे गप्प झाले, कागद घड्या करून खिशात गेले.

"ठरलं यांचं," खुर्चीवाला म्हणाला, आणि दोघं धावत घरी आले. या वयात धावणं म्हणजे चालण्यापेक्षा थोडं जास्त धापा टाकणं, पण धावत आले.

खुर्चीवाला स्टुलावर बसला. हातात एक खुर्ची घेतली, पाय घासायला लागला. मनात सगळी तयारी केली होती. ते नमस्कार करतील, आपण नुसतं बघायचं. ते हात पुढे करतील, आपल्या हातात पॉलिश. ते म्हणतील, 'शेड बघू का?', आपण पाय घासायचा.

पाहुणे आले. दार वाजवलं नाही. नमस्कार नाही, हात पुढे नाही, साधं 'काय, कसं काय' नाही. एकामागून एक, मान खाली घालून, भुशाच्या पोत्यांमधून तिरके होत अकराच्या अकरा जण आत शिरले!

खुर्चीवाल्यानं पाय घासायचा वेग वाढवला. हे धंद्यातले दिसतात!

मग बसायची वेळ आली. दुकानात काय कमी बसायला? हाताच्या खुर्च्या होत्या, डुलत्या होत्या, एक तर न्यायाधीशाची होती, पाठ सहा फूट. पाहुण्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यात गेले. तिथे एका बंद पडलेल्या बालवाडीतून आणलेल्या चिमुकल्या खुर्च्या होत्या, लाल-पिवळ्या, वीतभर उंचीच्या. त्या एकेक उचलून त्यांनी गोल मांडल्या आणि त्यांवर बसले! आजोबांचे गुडघे कानाला लागले. एक उंच, आडदांड गृहस्थ बसले तेव्हा खुर्ची दिसेनाशीच झाली. उरलेले सरळ फरशीवर.

बुटक्या खुर्च्या! फरशी! खुर्चीवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कच्चं गिऱ्हाईक फर्निचर वरून बघतं. जाणकार वाकून खालून बघतो, सांधा कसा आहे, खिळा आहे की खुंटी. हे अकरा जण आल्या आल्या खाली बसले! म्हणजे एकेका टेबलाचं पोट दिसत असणार त्यांना!

रब्बी बाईंनी एक डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडं. आत उकडलेली अंडी.

अंडी? खुर्चीवाला डब्याकडे बघत राहिला. पाटी मंजूर करून घ्यायला अंडी? निदान उकडायची तरी नव्हती!

आणि मग कोणी बोलेना.

खुर्चीवाला पाय घासत होता. पाहुणे त्याच्याकडे बघत होते, रोखून नाही, मऊपणानं, आणि तेच त्याला जास्त संशयास्पद वाटत होतं. त्यांच्याबरोबर एक दुभाषी मुलगी होती, ती दोन्ही बाजूंच्या मधोमध बसली होती. आधी सावध बसली. मग टेकून बसली. मग तिचे डोळे मिटले. कोणी बोललं तर भाषांतर! एवढा सोपा दिवस तिला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

खुर्चीच्या पायाचं पॉलिश झालं. त्यानं दुसरा पाय घेतला. तोही झाला. आजवर दुसऱ्या पायापर्यंत कोणी टिकलं नव्हतं. वकील पहिल्याच पायाला पडला होता!

घड्याळवाला काचेतून बघत होता. मित्र एकटा सापडलाय असं वाटून तो आत आला, पण आतली शांतता बघून त्याचीही जीभ टाळ्याला चिकटली. तो अंड्यांच्या डब्याजवळ बसला. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं, लेकीच्या अभ्यासासाठी टेबल हवं होतं त्याला. इतकी माणसं निमूट बसलेली बघून त्याला वाटलं, रांग आहे. तोही बसला. मग मेहुणी शेडमधल्या बायकांना घेऊन आली. पाहुणे गप्प, भाऊजी गप्प! भाऊजी चक्क दिलेला शब्द पाळतायत! तिला वाटलं, पाहुण्यांची प्रार्थना चाललीय. तिनं बायकांना खूण केली आणि सगळ्या पदर सावरून भिंतीला टेकल्या.

आता बाहेरून हे दृश्य कसं दिसत असेल, तुम्हीच बघा. दुकान भरलेलं. लोक खाली बसलेले. माना खाली. कोणी बोलत नाही. बायका भिंतीशी. गल्लीतून जाणाऱ्या पहिल्याच माणसानं कपाळावर हात मारला: "अरेरे! खुर्चीवालाही गेला!"

बातमी दोन गल्ल्या ओलांडून खुर्चीवाल्याच्या आत्याकडे पोचली. आत्या ऐंशीच्या पुढची, पण रडण्यात अजून तरुण. ती लांबूनच सूर लावत आली.

"अरे माझ्या राजाऽ! बायकोपाठोपाठ निघालास रेऽ! मला म्हातारीला मागे ठेवून कसा गेलास रेऽ!"

अकरा पाहुण्यांनी आशेनं वर बघितलं. बोलणारं माणूस दुसरंच आहे म्हटल्यावर पुन्हा माना खाली.

आत्या पोत्यांतून वाट काढत आत आली, आणि स्टुलावर बसून खुर्ची घासणारा भाचा तिच्या समोर!

"अगं बाई!" आत्या किंचाळली. "हा तर बसलाय!"

खुर्चीवाला काय करणार? तोंड उघडलं की हरला. त्यानं स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं, मग मान हलवली, मग दोन बोटं चालवून दाखवली: मी आहे, ठीक आहे, चालता-फिरता आहे.

"हातवारे करतोय!" आत्यानं गळा काढला. "वाचा गेली रे माझ्या राजाची! अरे, कोणीतरी डॉक्टरला बोलवा! बायकोच्या दुःखानं वाचा गेली!"

"आत्याबाई, हळू," मेहुणी कुजबुजली. "प्रार्थना चाललीय."

"कसली प्रार्थना? तो जिवंत असताना?"

"तुम्ही बसा बघू आधी."

आत्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली आणि तिथून, उंचावरून, हुंदके देऊ लागली. गिऱ्हाईक घाबरून घड्याळवाल्याला म्हणालं, "अहो, टेबलासाठी एवढं?" घड्याळवाल्याच्या तोंडात अंडं होतं. त्यानं फक्त मान हलवली.

याच वेळी ती गोष्ट झाली.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक आरशाचं टेबल होतं. सागवानी, तीन खणांचं, वर अंडाकृती आरसा. बायकोचं. ती गेल्यावर झोपायच्या खोलीत ते त्याच्याकडे बघत राही, म्हणून त्यानं ते खाली दुकानात आणलं. आणि खाली आणल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगे, "ते गेलेलं आहे." कुठे गेलंय, कुणाकडे गेलंय, ते कोणी विचारलं नाही.

आता त्या आरशात आत्या दिसत होती, डोळे पुसणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून खुर्ची घासणारा खुर्चीवालाही दिसत होता. पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी ते बघितलं. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, आरशाकडे बोट दाखवून खुर्चीवाल्याकडे प्रश्नार्थक बघितलं. नेमकी त्याच क्षणी खुर्चीवाल्याच्या नाकावर माशी बसली आणि त्यानं मान झटकली. आजोबांना वाटलं, हो म्हणाले. ते बालवाडीच्या खुर्चीतून सुटले (खुर्ची अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर आली), हळूच आरशापाशी गेले आणि त्यांनी मफलर आरशावर घातला. अगदी नीट. कोपरे सरळ करून.

आता जुन्या फर्निचरच्या धंद्यात मालावर कापड टाकणं म्हणजे काय? म्हणजे माल ठरला! कापड पडलं की तो नग त्या माणसाचा. त्याला बापसुद्धा हात लावत नाही.

खुर्चीवाल्याच्या हातातून खुर्ची पडली.

"ते नाही!" तो ओरडला. "त्याला हात लावायचा नाही! ते विकायचं नाही, काचेच्या पेटीत ठेवायचं नाही, त्याच्यावर पाटी लावायची नाही! न्यायचं असेल तर सगळं दुकान न्या, मला न्या, ते नाही! ते तिचं आहे!"

आत्याचा हुंदका अर्ध्यात अडकला.

दुभाषी मुलगी खडबडून जागी झाली, इकडे तिकडे बघितलं आणि धडाधड भाषांतर केलं. तिचं संपलं मात्र, अकराच्या अकरा पाहुण्यांनी एकदम श्वास सोडला. बराच वेळ पाण्याखाली असलेली माणसं वर यावीत तसे. आजोबांचे डोळे भरले होते. रब्बी बाई पुढे झाल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"काका," दुभाषी मुलगी म्हणाली, "त्या विचारतायत, ती कशी होती?"

खुर्चीवाल्यानं हातातला पॉलिश-पेपर खाली ठेवला. शेडच्या प्रश्नाची तयारी होती. पाटीच्या प्रश्नाची होती. या प्रश्नाची नव्हती. ती गेल्यापासून लोकांनी विचारलं होतं ते, कशानं गेली, कधी गेली, आता जेवायचं काय करता. कशी होती, असं कोणी विचारलं नव्हतं.

"भांडकुदळ," तो म्हणाला.

भाषांतर झालं. पाहुणे पुढे सरकले.

"माझा भुसा न विचारता न्यायची. मी म्हणायचो, निदान विचार! ती म्हणायची, तू कचऱ्याला देताना मला विचारतोस का? आणि भुसा जाड असला की परत आणून माझ्या डोक्याजवळ ओतायची! म्हणायची, करवतीचे दात बदल, नाहीतर मडकं गळतं. मी तीस वर्षं फर्निचर केलं हो, पण करवत धरली की मनात पहिलं काय यायचं? भुसा तिला चालेल का!"

आणि मग खुर्चीवाला जो सुटला तो सुटलाच. शेडमधल्या पहिल्या भट्टीत सगळी मडकी तडकली ते सांगितलं. दुसऱ्या वेळी ती भट्टीपाशी बसून राहिली आणि यानं आणलेलं जेवण तिथंच थंड झालं, ते सांगितलं. खालच्या वस्तीत एका बाईनं मडक्यात तांदूळ साठवले, तर तिच्याशी ही कशी भांडली आणि मग तिलाच शेडमध्ये कामाला कशी घेतली, ते सांगितलं. "ती मीच!" भिंतीशी बसलेली एक बाई म्हणाली. "पण तांदूळ नव्हते भाऊजी, डाळ होती!" "तांदूळ!" "डाळ!" आजोबांना दोन्ही बाजूंचं भाषांतर हवं होतं आणि ती पोरसवदा मुलगी डाळीच्या बाजूनं बोलायला लागली. खुर्चीवाल्याला कितीतरी दिवसांनी कोणीतरी मध्येच तोडलं. त्याला फार बरं वाटलं.

शेवटी घसा बसला तेव्हा त्यानं विचारलं, "आता ती पाटी दाखवा. काय लिहिलंय?"

"कसली पाटी?" रब्बी बाईंनी विचारलं.

खुर्चीवाल्यानं घड्याळवाल्याकडे बघितलं. घड्याळवाला डब्याकडे बघत होता. डबा रिकामा होता.

"मग सकाळी लॉजवर भांडत कशासाठी होता?"

"ते भांडण नाही, तो अभ्यास. आम्ही दोघादोघांनी करतो. एकट्यानं केला तर चूक कोण दाखवणार?"

"कसला अभ्यास?"

रब्बी बाई जरा संकोचल्या. "तुमचाच. जिथे माणूस गेलंय त्या घरी शिकायला जावं का, हा प्रश्न होता. अर्धे म्हणाले, जाऊ नये. अर्धे म्हणाले, शिकायला नको, नुसतं भेटायला जावं. शेवटी तसं ठरलं. तुमच्याकडची रीत आम्हाला ठाऊक नव्हती, म्हणून आमची पाळली. आमच्यात अशा घरी गेलं की खाली बसतात. अंडी नेतात. आरसे झाकतात, म्हणजे दुःखात माणसाला स्वतःच्या चेहऱ्याकडे बघावं लागू नये. आणि ज्याचं माणूस गेलंय तो स्वतः बोलेपर्यंत कोणी बोलत नाही."

भाषांतर संपलं. खुर्चीवाल्यानं आरशावरच्या मफलरकडे बघितलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "इतका वेळ तुम्ही माझ्यासाठी थांबला होता?"

"हो. आणि तुम्ही?"

खुर्चीवाल्यानं खाली पडलेली खुर्ची उचलली, सरळ केली, तिचा पाय उगाच पुसला. "मी तुमच्यासाठी," तो म्हणाला.

"चारही पाय झाले की हो भाऊजी!" मेहुणीला हसू आवरेना. "तुम्हाला मी बोलू नका म्हटलं ते शेडबद्दल बडबडू नका म्हणून! ऐकायचं असतं तेव्हा ऐकत नाही, आणि ऐकलंत ते नेमकं हेच?"

"अंडी कुणी खाल्ली?" आत्या वरून विचारत होती. "दुःखाच्या घरची अंडी कुणी संपवली?" घड्याळवाल्याला एकदम दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली.

आजोबांनी मफलर काढून घ्यायला हात लांब केला. खुर्चीवाला म्हणाला, "राहू द्या." मग तो उठला, किल्लीसाठी खिसे चाचपले आणि मागच्या अंगणात गेला. त्याच्यामागे मेहुणी, तिच्यामागे बायका, त्यांच्यामागे अकरा पाहुणे, आणि टेबलाचं गिऱ्हाईक, कारण रांग पुढे सरकली असं त्याला वाटलं.

कुलूप गंजलं नव्हतं. इतक्या दिवसांत गंजायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

आत फळीवर मडकी होती. तिनं शेवटच्या आठवड्यात दाबलेली, वाळत ठेवलेली. काही बंद शेडच्या उष्म्यानं तडकली होती, पण बरीच चांगली होती. कच्च्या मातीत काठाला तिच्या अंगठ्याचे ठसे होते, प्रत्येक मडक्याला एक. साच्यातून काढताना ती तिथेच धरायची. पाहुण्यांपैकी कोणी फोटो काढला नाही. दुभाषी मुलीला भाषांतराला काही नव्हतं, पण आता ती झोपली नाही.

मग मेहुणीनं त्यांना सगळं दाखवलं. माती, चाळण्या, साचा, भट्टीचं तोंड. पाहुण्यांनी हात माखून घेतले, प्रश्न विचारले, आपसांत वाद घातले. आडदांड गृहस्थांनी एक मडकं दाबलं, ते बशीसारखं झालं, आणि बायका पोट धरधरून हसल्या. निघताना ते नीट निरोप घेऊन गेले. पाटी लावली नाही. आत्यानं मात्र संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं की, भाचा गेला होता, पण अकरा परदेशी लोकांनी प्रार्थना करून परत आणला! अजून लोक दुकानात डोकावतात आणि त्याला हात लावून बघतात. गिऱ्हाइकानं टेबल घेतलं नाही. म्हणाला, इथे वेळ फार जातो.

शेड आता उघडी असते. बायका येतात, नवी माती कालवतात, नवी मडकी करतात. भुसा खुर्चीवाला स्वतः चाळून देतो, आणि तरी मेहुणी जाड आहे म्हणून परत आणते. नव्या मडक्यांची भट्टी दोनदा लागली.

जुनी मात्र फळीवर तशीच आहेत. मेहुणी म्हणते, "भाऊजी, भाजली नाहीत तर ती नुसती माती. पाणी लागलं की विरघळतील, ठसेसुद्धा." ते त्यालाही कळतं. पण भाजली की ती लोकांच्या घरी जाणार, हेही त्याला कळतं. ती म्हणते, "मग एक ठेवून घ्या, बाकीची जाऊ द्या." तो सगळी उचलून बघतो आणि परत ठेवतो. कुठलं ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. ती मडकी भाजायची राहिली आहेत.